कॉइलवरचा डेस्कटॉप व्हेपोरायझर लावताना: माझे अडीच महिने

वाळलेल्या सुगंधी वनस्पती न जाळता नुसत्या गरम हवेने तापवून त्यांची वाफ घ्यायची, यासाठी मी टेबलावर ठेवायचा, विजेच्या कॉइलवर चालणारा व्हेपोरायझर लावला. आता तो नीट चालतो आहे. पण तिथपर्यंत पोचायला अडीच महिने लागले. त्यातले पाच आठवडे कागदपत्रांत गेले, दहा दिवस कॉइलमध्ये धरलेल्या ओलीने खाल्ले आणि बाकीचे दिवस एकच गोष्ट समजून घेण्यात गेले: कंट्रोलरवर (कॉइलचं तापमान सांभाळणाऱ्या डब्यावर) दिसतो तो आकडा कॉइलचा असतो, पाल्याचा नसतो. सुरुवातीला मला हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

आधी माझ्याकडे बॅटरीवरचा हातात धरायचा छोटा व्हेपोरायझर होता. त्यात पाला तापलेल्या भिंतीला चिकटून बसायचा, कडेचा करपायचा आणि मधला तसाच राहायचा. कॉइलच्या प्रकारात पाल्याला गरम धातूचा स्पर्शच होत नाही. कॉइल एका धातूच्या डोक्याला तापवते, डोक्यात बारीक गोळ्या भरलेल्या असतात, आपण श्वास ओढला की हवा त्या गोळ्यांमधून गरम होत खाली येते आणि वाटीतल्या पाल्यातून जाते. खाली काचेच्या भांड्यात पाणी असतं, तिथे वाफ निवते. मला हेच हवं होतं. फक्त घरच्या विजेवर सव्वातीनशे अंशांपर्यंत तापणारी वस्तू रोजच्या टेबलावर ठेवायची याची भीती वाटत होती, आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती.

कागद

१२ जानेवारीला मी पहिलं काम केलं ते पत्र लिहिण्याचं. काही देशांत निकोटीन असो वा नसो, कोणताही पदार्थ विजेवर तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण आणणं, विकणं, साठवणंसुद्धा गुन्हा आहे. काही ठिकाणी काहीच बंधन नाही. दुकानदार सांगतो त्यावर विसंबू नका, आपल्या इथला कायदा स्वतः वाचा. मी वाचला, पण एका कलमाचा अर्थ लागेना, म्हणून सीमाशुल्क खात्याला लेखी विचारलं. पत्रात उपकरणाचं वर्णन, व्होल्टेज, वॅट, त्यात काय घालणार आहे (कॅमोमाइल, लॅव्हेंडर, लेमन बाम, थाइम, निलगिरीची पानं, सगळ्यांची वनस्पतिशास्त्रीय नावं) आणि वैयक्तिक वापरासाठी एकच नग, एवढं लिहिलं. उत्तर १९ दिवसांनी, ३१ जानेवारीला आलं: आणता येईल. उत्तर नकारार्थी आलं असतं तर मी विषय तिथेच सोडला असता.

३ फेब्रुवारीला मागवलं. १० तारखेला पार्सल आलं आणि अडकलं, कारण बिलावर विक्रेत्याने नुसतं "हीटर" लिहिलं होतं. कसला हीटर, हे कोणालाच कळत नव्हतं. मी खात्याच्या उत्तराची प्रत आणि सविस्तर बिल पाठवल्यावर सहा दिवसांनी सुटलं. तेव्हा मागवतानाच विक्रेत्याला बिलावर पूर्ण वर्णन लिहायला सांगा आणि असं काही पत्र असेल तर त्याची प्रत पार्सलच्या कागदांना जोडायला लावा. माझे सहा दिवस वाचले असते.

खर्चाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पैसे कंट्रोलर आणि कॉइल यांनाच जातात. पैसे वाचवायचे असतील तर काचेत वाचवा, कंट्रोलरमध्ये नको.

कॉइल आणि आरसीसीबी

१६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सगळं टेबलावर मांडलं. कंट्रोलर म्हणजे एक डबा. मागे मेनची वायर, स्विच आणि फ्यूज, पुढे दोन आकडे. वरचा आत्ताचं तापमान दाखवतो, खालचा आपण ठरवलेलं. पुढच्या बाजूला पाच पिनांचा एक्सएलआर जातीचा गोल सॉकेट. दोन पिना कॉइलला वीज देतात, दोन थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) आणि एक अर्थिंगची. कोणती पिन कशाची हे प्रत्येक उत्पादकाचं सारखं नसतं, म्हणून एका कंपनीच्या कंट्रोलरला दुसरीची कॉइल बसली तरी जोडू नका. चुकीच्या जोडणीत मेनचं व्होल्टेज थर्मोकपलच्या तारेवर येऊ शकतं. मी दोन्ही एकाच ठिकाणची घेतली होती.

जोडण्याआधी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते करायलाच हवं. २३० व्होल्टवर १०० वॅटची कॉइल असेल तर रोध ५२९ ओहमच्या आसपास येतो. १२० व्होल्टची १०० वॅटची कॉइल १४४ ओहमची असते, आणि ती चुकून २३० वर लावली तर साडेतीनशेहून जास्त वॅट ओढते. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. माझ्या मीटरने ५३१ दाखवलं. समाधान झालं, स्विच दाबला.

आकडा चढायला लागला. साधारण चाळीस सेकंदांनी खट्‌ असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा सुरक्षा-स्विच, पडला होता. पुन्हा वर केला, पुन्हा चाळीस सेकंदांत पडला. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहिलं, तेच. त्या रात्री सगळं परत खोक्यात भरलं आणि परत पाठवायचं असं जवळजवळ ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी सल्ला दिला की अर्थची पिन काढून टाक, मग पडणार नाही. कृपा करून असं कधीही करू नका. आरसीसीबी पडतो याचा अर्थ वीज नको तिथून वाहते आहे. अर्थ काढला की ती वाहायची थांबत नाही, फक्त वाट बदलते, आणि त्या वाटेवर आपला हात असू शकतो. ३० मिलिअँपिअरचा हा स्विच आपला जीव वाचवण्यासाठीच बसवलेला असतो.

माझा मावसभाऊ वीजतंत्रज्ञ आहे. त्याला फोन केला.

"दादा, रोध बरोबर येतो, तरी ट्रिप होतंय. लगेच नाही, थोडी तापल्यावर."

"थोडी तापल्यावर ना? मग ओल धरलीय तिने. किती महिने पेटीत पडून होती कोण जाणे."

"अरे, पण सीलबंद पिशवी होती."

"पिशवीचं काही नसतं गं. आतली पावडर हवेतली ओल ओढते. रविवारी येतो मी, तोवर हात लावू नकोस."

या कॉइलची रचना अशी: बाहेर स्टीलची बारीक नळी, आत नायक्रोमची तार आणि दोघांच्या मध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर. नायक्रोम विजेला अडवतं आणि तापतं. पावडर उष्णता जाऊ देते पण वीज जाऊ देत नाही, म्हणून बाहेरच्या नळीला करंट लागत नाही. पण ही पावडर ओलावा शोषते, आणि ओलसर झाली की वीजही जाऊ देते. कॉइल बरेच दिवस न वापरता पडून राहिली की हे होतं, आणि साधा मल्टिमीटर ते दाखवत नाही, कारण तो फक्त तारेचा रोध मोजतो.

रविवारी, २२ तारखेला दादा मेगर (आतली पावडर वीज किती अडवते ते मोजणारं यंत्र) घेऊन आला. कॉइलची पिन आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये लावला. काटा शून्यावरून हललाच नाही. मग त्याने टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये कॉइलचं फक्त धातूचं टोक ठेवलं, वायर आणि प्लग दाराच्या फटीतून बाहेर, ११० अंशांवर आठ तास. तो संध्याकाळी निघून गेला. मी रात्री ओव्हन बंद केला आणि कॉइल कोरड्या डब्यात ठेवली. २६ तारखेला तो पुन्हा आला तेव्हा मेगरने १०० मेगोहमच्या वर दाखवलं. तरी एकदम तापवली नाही. कंट्रोलरवर १०० लावून अर्धा तास, मग १५०, मग २००. आरसीसीबी जागचा हलला नाही. हे काम मात्र विजेची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि नव्या कॉइलचं पहिलं तापवणं असं पायरीपायरीनेच करा, ट्रिप झालं नाही तरीही. आता चार-पाच दिवस वापर झाला नाही तर मी आधी १०० अंशांवर वीस मिनिटं ठेवते.

ऑटोट्यून आणि पहिली जाळणी

कंट्रोलरच्या आत पीआयडी नावाची पद्धत असते. आत्ता किती फरक आहे, तो किती वेळ साचला आहे आणि किती वेगाने बदलतो आहे, या तिन्हींवरून वीज किती द्यायची ते ती ठरवते. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाचं सुकाणू आपोआप सांभाळण्यासाठी हे गणित मांडलं होतं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण कंट्रोलर करतो ते अगदी सुकाणू धरल्यासारखंच: ठरलेल्या आकड्याच्या जवळ आला की आधीच हात सैल करतो. पण त्याला आपलं जहाज किती जड आहे ते एकदा शिकवावं लागतं. ते शिकवणं म्हणजे ऑटोट्यून.

इथे मी चुकले. ऑटोट्यून मी मोकळ्या कॉइलवर केलं. मग तिच्यात टायटेनियमचं गोळ्यांनी भरलेलं डोकं बसवल्यावर आकडा ठरलेल्या जागेच्या चाळीस अंश पुढे जाऊन मागे यायचा, परत खाली जायचा. मोकळी कॉइल हलकी, डोकं जड. डोकं बसवून पुन्हा ऑटोट्यून केलं, त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि त्यानंतर आकडा दोन अंशांच्या आत स्थिर राहतो. डोकं कॉइलमध्ये घट्ट बसलं आहे ना हेही बघा. माझं एकदा थोडं खाली घसरलं होतं. कंट्रोलर ३३० दाखवत होता आणि वाटीत मात्र कोमट हवा येत होती.

आणखी एक गोंधळ दीड दिवस चालला. आकड्यापुढे कोणतंही अक्षर नव्हतं आणि कंट्रोलर फॅरनहाइटवर होता. मी ३३० लावून वाट बघत बसले होते, ते प्रत्यक्षात १६५ सेल्सिअस होतं. माझ्या बाबतीत नुसतं कमी तापलं, पण उलट झालं तर भयंकर. पहिल्याच दिवशी खोलीचं तापमान बघा: थंड कॉइल ७५ दाखवत असेल तर ते फॅरनहाइट आहे.

२८ फेब्रुवारीला वाटी न लावता, खिडक्या उघड्या ठेवून रिकामं डोकं ३५० वर एक तास तापवलं. घडवताना राहिलेलं यंत्राचं तेल जळून जातं, त्याचा वास येतो, तो ओढायचा नाही. टायटेनियमवर फिकट सोनेरी झाक आली. तो रंग म्हणजे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर, घासून काढायची गरज नाही.

आणि एक गोष्ट मी त्या दिवशी स्टँडशेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लावली: गरम आहे. कारण ३३० अंशांवरचा धातू आणि थंड धातू दिसायला अगदी एकसारखे. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवलं की पदार्थ डोळ्यांना लाल दिसू लागतो तो सव्वापाचशे अंशांच्या आसपास. त्याखाली डोळा काहीच सांगत नाही. स्टँड जड असावा, वायर टेबलाच्या कडेवरून लोंबती नसावी, आणि लहान मुलं किंवा मांजर घरात असेल तर खोलीचं दार बंद हवं.

पाला

१ मार्चला पहिलं कॅमोमाइल भरलं. फुलं बोटांनी चुरली, ०.१५ ग्रॅम, वाटीच्या जाळीवर सैल पसरली. माहितीपत्रकांत कॅमोमाइल, सेज आणि थाइमसाठी १९० अंश दिलेले असतात, लेमन बामसाठी १४२, लॅव्हेंडर आणि निलगिरीसाठी १३०. मी कंट्रोलरवर १९० लावलं. काहीच आलं नाही. २४०, तरी नाही. मग वैतागून ३८० लावलं आणि जोरात ओढलं. घशाला चटका बसला आणि वाटीत मधोमध काळा गोल. काळा म्हणजे जळलं, आणि जळलं म्हणजे धूर, जो टाळण्यासाठी हे सगळं केलं तोच.

दादाकडून उघड्या टोकाचं एक बारीक के-टाइप थर्मोकपल आणि मीटर मागून आणलं आणि रिकाम्या वाटीत जाळीच्या वर धरलं. कंट्रोलर ३३० वर. हळू, सलग बारा सेकंद ओढलं तर चौथ्या सेकंदाला १५० आणि दहाव्याला १९४. लगेच दुसऱ्यांदा ओढलं तर १७० च्या वर गेलंच नाही. एक मिनिट थांबून ओढलं, पुन्हा १९०. आणि या सगळ्या वेळात कंट्रोलर मात्र दहा सेकंदांतच ३३० वर परतलेला असायचा.

त्याचा थर्मोकपल कॉइलच्या पोटात आहे. गोळ्या, वाटी, पाला यांची त्याला खबर नसते. हिशेब केल्यावर कारणही दिसलं. दोन लिटरचा एक श्वास म्हणजे सुमारे २.४ ग्रॅम हवा. ती खोलीच्या तापमानावरून २०० अंशांपर्यंत न्यायला चारशेहून जास्त जूल लागतात. १०० वॅटची कॉइल सेकंदाला १०० जूल देते, तेही पूर्ण ताकदीने. म्हणजे एक श्वास भरून काढायला कॉइलला किमान चार सेकंद हवेत, आणि ती उष्णता गोळ्यांच्या मधोमध पोचायला आणखी वेळ. डोक्यातल्या गोळ्या (माझ्या तीन मिलिमीटरच्या कृत्रिम माणकाच्या आहेत, म्हणजे क्रोमियमचा अंश असलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड) ही साठवलेली शिल्लक असते. जोरात ओढलं की शिल्लक संपते.

त्यानंतर सगळं सोपं झालं. आकडा गाठल्यावर मी पंधरा मिनिटं नुसती थांबते, गोळ्या आतपर्यंत तापू देते. मग डोकं वाटीवर ठेवते, गरम दूध फुंकतो त्याच्या उलट, तितक्याच सावकाश आत ओढते, आणि दोन श्वासांमध्ये पूर्ण एक मिनिट जाऊ देते. माझ्या जोडणीवर कॅमोमाइलला ३३० आणि लॅव्हेंडरला २३० लागतात. तुमच्या कॉइलचा आकार, डोक्याचं वजन, वाटीची खोली वेगळी असेल तर हे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. खालून सुरू करा, दर वेळी दहा अंशांनी चढा आणि प्रत्येक वेळी पाला उलटून बघा. एकसारखा तपकिरी झाला तर बरोबर, मध्ये गडद आणि कडेला हिरवा राहिला तर श्वास जोरात आहे.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. लॅव्हेंडरच्या वासातलं लिनालूल १९८ अंशांना उकळतं, निलगिरीतलं सिनिओल १७६ ला, मग १३० वर वास येतो कसा? ओले कपडे पाणी न उकळताच वाळतात, तसंच. उकळण्याच्या खूप आधीपासून तेल उडत असतं, गरम हवा फक्त ते लवकर वाहून नेते. म्हणून कमी तापमानावर आलेला वास जास्त स्वच्छ असतो, आणि मी आता चढायची घाई करत नाही.

पाला विकत घेताना त्यावर सुगंधी तेल किंवा रंग फवारलेला नसावा. खोलीत ठेवायच्या सजावटीच्या फुलांवर तो बहुतेक असतो. बाटलीतलं तेल वाटीत कधीही टाकू नका. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं आहे, त्या कुळाच्या परागांची ॲलर्जी असेल तर ते टाळा. मी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे औषध म्हणून घेऊ नका, दमा असता तर नकोच म्हटलं असतं, आणि खोकला आला तर त्याच दिवशी थांबा. मी आठवड्यातून तीनदा घेते, त्याहून जास्त नाही.

काच मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाड मीठ घालून हलवून धुते, पण कॉइल पूर्ण थंड असताना, दुसऱ्या खोलीत. या अल्कोहोलची वाफ बारा अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. भांड्यातलं पाणी दर वेळी बदलते, काचेतल्या भोकांच्या वर एक बोटभर, जास्त नाही. जास्त असलं की ओढताना तोंडात येतं.

३० मार्चला संध्याकाळी लेमन बाम लावलं होतं. आधी लिंबाच्या सालीसारखा तीक्ष्ण वास, तिसऱ्या श्वासाला तो ओसरून वाळलेल्या गवताचा, पाचव्याला काहीच नाही. वाटी उलटी केली तर पाला भुश्यासारखा हलका, एकसारखा बदामी, एकही काळा कण नाही. स्विच बंद केला आणि स्टँडवरच्या डोक्याजवळ मीटरची तार टेकवून बसले. २५ मिनिटांनी ५० च्या खाली आल्यावर प्लग काढला आणि डबा कपाटात ठेवला.